दारात घोडं नको

महिपतीने टेपरेकॉर्डर घोड्यांच्या चंदीच्या पोत्यावर ठेवला, दोन्ही बटणं एकदम दाबली आणि घसा खाकरला. कॅसेट फिरायला लागली.

"हौसा," तो म्हणाला, "मी महिपती बोलतोय. दोह्यावरनं."

हे सांगायची काही गरज नव्हती. नवऱ्याचा आवाज बायकोला ओळखू येत नाही थोडाच! पण कॅसेट भरायला बसलं की भल्याभल्यांची अशीच गत होई. नातेपुत्याजवळच्या त्यांच्या वाडीत ही कॅसेट लागली की ती एकटी हौसाबाई ऐकणार नव्हती. महिपतीची बहीण फुलाबाई, आजूबाजूची चार घरं, झालंच तर पारावरची रिकामटेकडी मंडळी, सगळी कान टवकारून बसत. एवढ्या सभेपुढे बायकोशी बोलायचं तरी काय? म्हणून आखातातली सगळी माणसं कॅसेटवर एकच बोलत. मी खुशाल आहे, सामान पोचलं का, पोरं शाळेत जातात का, पाऊस कसा आहे.

आज त्याच्या पलीकडचं बोलायचं होतं. आणि खोटं नाही म्हणता येणार, पण निम्मं झाकून बोलायचं होतं. महिपतीला झाकपाक जमत नसे. त्याने पुन्हा घसा खाकरला, तेवढ्यात शेजारच्या कप्प्यातून शम्साने मान बाहेर काढली आणि फुर्रकन नाक फुरफुरवलं. त्याने घाईघाईने टेपच्या जाळीवर तळहात धरला.

"गप की गं बाई," तो कुजबुजला. "तुझंच तर नाव काढायचं न्हाई."

शम्सा ही ग्वेनबाईंची घोडी. अल रय्यानच्या रस्त्याला मन्सूर नावाच्या कतारी गृहस्थाचा तबेला होता. त्यात त्याची स्वतःची घोडी असत, आणि हौशी परदेशी लोक आपलीही आणून ठेवत. महिपती तिथला मोतद्दार. खरारा करावा, चंदी द्यावी, उन्हं कलली की घोड्यांना वाळूत फिरवून आणावं. ग्वेनबाई कॅनडाच्या, नवरा उम सईदच्या कारखान्यात इंजिनिअर. बाई उंच, नाकाचा शेंडा कायम उन्हाने सोललेला. पहिल्याच दिवशी त्यांनी महिपतीच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि घोडीखालची लीद स्वतः काढली. महिपती इतका शरमला की दुसऱ्या दिवशी पहाटेच येऊन सगळा कप्पा झाडून बसला. मग रोज कोण आधी येतं याची दोघांत चढाओढ लागली, आणि त्यातूनच दोघांचं चांगलं जमलं. बोलणं मोडक्या हिंदीत, मोडक्या इंग्रजीत, अडलं तर अरबीत, आणि तिन्ही खुंटल्यावर घोडीकडे बोट दाखवून.

पंधरवड्यापूर्वी बाईंनी एक अल्बम आणला. त्यांचं बिऱ्हाड उन्हाळ्यानंतर कॅनडाला परतणार होतं. फोटोत हिरवंगार कुरण होतं, पांढरी लाकडी कुंपणं होती, आणि कुरणाच्या कडेने पंधरावीस घरं. प्रत्येक घराच्या पाठीला पागा, मधे एकच भिंत. एका फोटोत स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक घोडा आत डोकावत होता आणि आत कोणीतरी म्हातारा चहा पीत होता.

"हाऊस, हॉर्स, सेम वॉल," बाई म्हणाल्या.

तिथली माणसं म्हणे घोडं जवळ असावं म्हणूनच तिथं घर घेत. सकाळी उठलं की आधी घोड्याचं तोंड बघायचं, मग आरशात आपलं. त्या सगळ्यांना मिळून घोडी सांभाळणारा एक जाणता माणूस हवा होता. राहायला कुरणाच्या टोकाचं छोटं घर. कागदपत्रं बाई बघणार.

"विथ फॅमिली," त्या म्हणाल्या.

महिपतीने तो शब्द दोनदा म्हणवून घेतला. दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या खोलीत तो आणि आणखी पाच जण राहत. तिथं फॅमिली म्हणजे भिंतीवर लावलेला फोटो. त्याची लेक केसर चालायला लागली ती त्याला कॅसेटवर कळली, विहिरीत पोहायला शिकली तीही कॅसेटवरच. सुट्टीवर गेलं की पोर पहिले आठ दिवस लाजायची आणि अंगाखांद्यावर खेळायला लागेपर्यंत याची निघायची वेळ व्हायची. आणि आता ही बाई सांगत होती की पोरीला न्यायला शाळेची गाडी दारात येईल. त्या रात्री त्याला आनंदाने जेवण गेलं नाही.

घोडं पेंड खात होतं ते भलतीकडेच. हौसाबाईचे वडील आबासाहेब घोड्यांचे व्यापारी. जत्रा-जत्रांतून घोडी घ्यायची, शिकवायची, विकायची. हौसाबाई लहानाची मोठी झाली ती पागेला लागून असलेल्या खोलीत. परकराला लिदीचा वास, वेणीत गवताच्या काड्या. शाळेत पोरी नाक दाबून तिला लीदवाली म्हणत. महिपती तेव्हा आबासाहेबांकडेच मोतद्दार होता. लग्न ठरलं तेव्हा तिने त्याला एकच अट घातली होती.

"तुमी जगात कुटंबी घोडी राखा. पर माझ्या दारात घोडं नगं."

त्याने शपथ घेतली आणि पाळली. आबांच्या पागेतली चंद्री नावाची घोडी त्याने पोरवयात, तिची आई मेल्यावर, बाटलीने दूध पाजून वाढवली होती. आबा ती त्याला लग्नात द्यायला निघाले, तर त्याने हात जोडून नाही म्हटलं. नंतर महिनाभर त्याचं तोंड उतरलेलं होतं. हौसाबाईने ते पाहिलं होतं.

खोलीतल्या मंडळींपुढे त्याने ही अडचण मांडली तेव्हा सगळे आपापल्या खाटेवर उठून बसले. जालिंदर माळशिरसचा, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. तो आधी पोट धरून हसला.

"म्हंजी लिदीच्या वासाला तितं लोक घरं घेत्यात? आन् आमची वहिनी त्योच वास नगं म्हनून तुझ्या गळ्यात पडली. लई भारी, पाव्हनं."

नसरुद्दीन राजापूरचा, एका दुकानात हिशेबनीस. खोलीत वजन त्याच्या शब्दाला.

"मी सांगतो तसं कर," तो म्हणाला. "कॅसेटवर घोडा हा शब्दच काढू नको. बर्फ सांग, शाळा सांग, हॉस्पिटल सांग. पोचली म्हणजे बघेल घोडा. तिथून काय ती चालत परत येणार आहे?"

"फसवल्यागत हुतंय," महिपती म्हणाला.

"फसवणूक कसली? आधी लगीन लागू दे, मग हुंड्याचं बघू, इन्शाल्ला."

म्हणून आज तो तबेल्यात येऊन बसला होता. खोलीत बसून भरावी तर पाच जण पाच बाजूंनी शिकवणार. त्याने मन घट्ट केलं आणि बोलत सुटला. कॅनडात उन्हाळ्यातसुद्धा घाम येत नाही. बर्फ पडतो, पण घर ऊबदार असतं. केसरला गाडी न्यायला येईल. दवाखान्यात रांग नाही. काम काय, तर आवारातली देखभाल. आपलं घर असेल, आपण तिघं असू. हे शेवटचं बोलताना त्याचा आवाज जरा ओला झाला, आणि सभा आठवून त्याने लगेच पावसाची चौकशी केली. शम्सा मधूनमधून फुरफुरत होती, एकदा चांगली खिंकाळलीसुद्धा. तो दरवेळी जाळीवर हात धरी. भरलेली कॅसेट पुन्हा लावून ऐकायची त्यांच्यात कोणाची रीत नव्हती. आपलाच आवाज ऐकायला माणसाला लाज वाटते.

जालिंदर सुट्टीवर निघाला होता, त्याच्या बॅगेत कॅसेट गेली.

मग वाट बघणं आलं. त्यातच शम्सा व्याली. लांबट पायांचं, कपाळावर चांदणी असलेलं शिंगरू झालं, आणि ग्वेनबाईंनी तबेल्यातल्या सगळ्यांना खजूर वाटले. महिपती कामात होता तरी मन वाडीत होतं. हौसाबाई हो म्हणेल असं त्याला सकाळी वाटे आणि दुपारी वाटेनासं होई. नाही म्हणाली तर काय, हे त्याने ठरवलं नव्हतं. एकट्याने तर तो जाणार नव्हता. मग इथली सहा जणांची खोली, आणि आणखी काही वर्षं भिंतीवरचा फोटो.

आणखी एक गोष्ट त्याच्या मनात घोळत असे. गेली सुट्टी संपवून आल्यावर, दोन वर्षांमागे, त्याने घरी चांगला टू-इन-वन टेप पाठवला होता. तरीही हौसाबाई कॅसेट भरायची ती फुलाबाईच्या घरी बसून. पाठीमागे फुलाबाईचं शिलाई मशीन कडकडत असे. विचारलं तर म्हणे आपल्याकडे लाईट जाते. दोन्ही घरं एकाच खांबावर असताना लाईट हिच्याकडची तेवढी कशी जाते, हे कोडं त्याला सुटलं नव्हतं. टेप बिघडला असेल आणि सांगायला भीत असेल, असं समजून त्याने तो विषय सोडून दिला होता.

जालिंदर परत आला तो शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि ओठ मिटून धरलेलं हसू घेऊन.

"घरी समदं बरं?" महिपतीने विचारलं.

"समदं बरं. दारात दिसतंय तसं बरं."

"म्हंजी?"

"म्हंजी काय न्हाई. वहिनींनी आण घातलीया मला." जालिंदरने खिशातून कॅसेट काढली. "येकट्यानं ऐका म्हनल्यात. खोलीत लावायची न्हाई."

नसरुद्दीनने टेप पुढे सरकवला होता, तो त्याने हिरमुसून मागे घेतला. एकट्याने ऐक म्हणणं म्हणजे नकार, असा खोलीचा निवाडा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारची चंदी झाल्यावर महिपती त्याच पोत्याशेजारी बसला. शिंगरू आईला ढुशा देत होतं. त्याने बटण दाबलं.

"ऐकताय न्हवं? मी हौसा. आज आपल्याच घरात बसलीया. येकटीच हाय. वन्संना म्हनलं, केसरला घिऊन रानात जावा जरा."

शिलाई मशीनचा आवाज नव्हता. इतकी निवांत हौसा त्याने कॅसेटवर कधी ऐकली नव्हती.

"तुमची कॅसेट ऐकली. बरफ ऐकला, शाळंची गाडी ऐकली, दवाखाना ऐकला. समदी वाडी आ करून बसली हुती. पर मला येक कळंना. मानूस बायकूला येवढ्या लांब बोलवतोय आन् कामाचं नाव घीना. आवारातली देखभाल म्हनं. कशाची देखभाल?"

महिपतीने मान खाली घातली, जणू ती समोरच उभी होती.

"तुमच्या पाठीमागं घोडी हुती. तुमी शाळंचं सांगत हुता आन् ती सारखी फुरफुरत हुती. तिला पाणी पाजलं नव्हतं तुमी. मानसानं आदी जनावराला पाजावं, मग बायकूला बोलवावं. तवाच वळखलं मी. ह्येंचा आवाज येवढा खुललाय म्हंजी तितं घोडं असनारच. लपवलंसा कशापायी? मी काय खाती का काय तुमाला?"

आवाजात राग नव्हता. महिपतीला ते कळलं, पण पुढे काय येतंय ते कळेना. टेपमध्ये नुसती खरखर सुरू झाली. बांगड्या वाजल्या, दाराची कडी निघाली, पावलं कुठंतरी चालत गेली.

आधी शम्साला कळलं. तिचे दोन्ही कान टेपकडे वळले आणि तोंडातला घास तसाच राहिला. मग कॅसेटमधून एक लांब, जरा चिरकी, शेवटाला घोगरी होत गेलेली खिंकाळी आली. शम्साने मान उंच करून तिला असं दणदणीत उत्तर दिलं की शिंगरू चारही पायांवर उडालं.

महिपती उभा राहिला. ती घोगरी खिंकाळी जगात एकाच घोडीची होती.

"वळखली का?" कॅसेटमधली हौसाबाई म्हणाली. "तुमची चंद्री हाय. दोन वर्सं झाली. आबा बारामतीला दादाकडं ऱ्हायला गेले तवा बाकीची घोडी इकली. हिला म्हातारीला कोन घेतंय? आठ दिसांकरता म्हनून आबांनी आपल्या दारात बांदली आन् गेले ते गेले. मग येक व्यापारी आला हुता. मी म्हनलं, न्हाई द्यायची. तुमी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, दुसऱ्याच्या दावनीला कशी दिऊ? पर दारात घोडं नगं म्हनून मीच शपथ घातलेली. आता कंच्या तोंडानं सांगू? हितं बसून कॅसेट भरावी तर ही मधीच बोलायची. म्हनून वन्संच्या घरी जात हुते. वाडीला समद्याला दम भरलाय, कुनी बोलायचं न्हाई. जालिंदरभावजींनाबी."

तिने थांबून श्वास घेतला. मागे चंद्री काहीतरी चावत होती.

"भिताडापल्याड रातच्याला पाय आपटती. पैल्यांदा राग यायचा. आता त्यो आवाज आला न्हाई तर मला झोप न्हाई. आता सांगते ते ऐका. कॅनडाला यायला माझी ना न्हाई. घोडं घरात घेटलं तरी ना न्हाई. पर हिला टाकून येनार न्हाई. म्हातारी हाय तवर मी हितंच. तुमाला जायाचं तर जावा, मी अडवनार न्हाई. ठेवते."

कॅसेट संपली. डोळे पुसावेत की हसावं हे त्याला ठरवता येईना, तेव्हा त्याने दोन्ही केलं.

"दुसरी घोडी कुठून बोलली?"

ग्वेनबाई दाराशी उभ्या होत्या. शिंगरू बघायला आल्या असाव्यात. महिपतीने टेपकडे बोट केलं, मग छातीकडे, मग लांब पूर्वेकडे.

"माय वाईफ. माय हॉर्स. मॅडम, हाऊस, हॉर्स, सेम वॉल. माय व्हिलेज."

सगळी कथा तिन्ही भाषांतून बाहेर यायला वेळ लागला. शपथेपाशी बाईंचे डोळे विस्फारले, शिलाई मशीनपाशी त्या हसत हसत पोत्यावरच बसल्या, आणि चंद्रीला टाकून येणार नाही हे त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं. मग त्यांनी सावकाश सांगितलं. त्यांच्या वसाहतीत कोणी घर घ्यायला आलं की त्याला एक प्रश्न विचारतात. तुमचा घोडा म्हातारा झाला की त्याचं काय करणार? पुष्कळ जण तिथं अडखळतात.

"तुझ्या बायकोने कोणी न विचारताच उत्तर दिलं," त्या म्हणाल्या. "ते घर तुमचं. मी तिथं सांगून ठेवते."

"कधीपर्यंत, मॅडम?"

"चंद्री जाऊ देईल तोपर्यंत," बाई म्हणाल्या आणि उठून फावडं शोधायला लागल्या. फावडं महिपतीने आधीच लपवून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी त्याने मन्सूरकडे लांब सुट्टी मागितली. मन्सूरने कारण विचारलं. घरी घोडी म्हातारी झाली आहे, असं महिपतीने सांगितलं. बायको आजारी आहे म्हटलं असतं तर चार प्रश्न आले असते. म्हाताऱ्या घोडीचं ऐकून मन्सूरने लगेच मान हलवली.

"यल्ला, जा," तो म्हणाला.

खोलीवर सगळे वाट बघत होते. जालिंदरला आता बोलायची मोकळीक होती, तो चंद्रीची बांधायची जागा, तिच्या अंगावर घातलेली गोधडी, सगळं सांगत सुटला. नसरुद्दीनने एवढंच म्हटलं, "मी सांगितलं होतं घोडा शब्द काढू नको म्हणून. नाही काढलास तेच बरं झालं." त्यावर त्याला सगळ्यांनी मिळून चहा करायला लावला.

दुसऱ्या दिवशी महिपतीने कोरी कॅसेट आणली. आधी शम्सापुढे बादली ठेवली, तिचं पिणं होईतो थांबला, आणि मग टेप तिच्या गव्हाणीतच ठेवून दोन्ही बटणं दाबली.

"हौसा, मी महिपती. शम्साला पाणी पाजलंय, मग बसलोय. हे तिचं पोर, ऐक."

त्याने शिंगराला हाताशी ओढून घेतलं. शिंगराने टेपची जाळी चाटून बघितली. बराच वेळ कॅसेटवर चघळण्याचा, फुरफुरण्याचा आणि खुरांचा आवाज भरत गेला. आता वाडीतली सभा कान टवकारून बसली असेल, पारावरचे लोक एकमेकांकडे बघत असतील, हे त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं.

"आता टेप दारात ने," तो म्हणाला. "चंद्रीच्या कानाशी धर. फुडचं तिच्यासाठी हाय."

टेप अंगणापर्यंत जायला जेवढा वेळ लागेल तेवढा तो थांबला. मग जीभ टाळ्याला लावून, ती शिंगरू असताना तिला बाटलीसाठी बोलवायचा तसा त्याने आवाज काढला.

"म्हातारे, लई दिस झालं तुला बघून. दिवाळीला येतोय. तू हाईस तवर कुटं जात न्हाई." तो थांबला. एवढं मोठ्याने आणि एवढ्या लोकांपुढे तो जन्मात बोलला नव्हता. "आन् भिताडापल्याड जी निजती, तिला माझा येक निरोप दे. तिच्याबिगर मलाबी झोप न्हाई."

शम्साने मान खाली घालून टेपजवळ जोरात नाक फुरफुरवलं. महिपतीने या वेळी जाळीवर हात धरला नाही.